गोळी देण्याआधी नाडी मोजा

परिचारिका अभ्यासक्रमाला जाणाऱ्या आपल्या भागातील मुलामुलींना दोन विषयांची हमखास धास्ती असते. एक हृदयाची रचना व कार्य आणि दुसरा औषधशास्त्र. हे दोन विषय वेगवेगळ्या पुस्तकांत असतात आणि वेगवेगळ्या तासांना शिकवले जातात. हृदयाची आकृती पाठ होते, औषधांची यादीही पाठ होते. पण दोहोंची सांगड राहून जाते. मग वॉर्डात पहिली पाळी लागते. ट्रेमध्ये एकाच रुग्णाच्या पाच गोळ्या असतात आणि कोणती कशासाठी, हे आठवता आठवत नाही.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या काही विद्यार्थिनींनी हा विषय या सदरातून सोपा करून सांगावा असे सुचवले. म्हणून आजचा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. पण ज्यांच्या घरात हृदयाच्या गोळ्यांची डबी आहे, त्यांनीही तो वाचावा. विरारमध्ये असे घर शोधत फिरावे लागत नाही. घरी म्हाताऱ्या माणसाला गोळी काढून देणारी सून, मुलगा किंवा नात त्या घटकेला परिचारिकेचेच काम करत असते.

लेखाचे सूत्र एवढेच आहे. औषधाचे नाव पाठ करण्याआधी ते हृदयाच्या कोणत्या कामात हात घालते हे ओळखा. ते ओळखले की गोळी देण्याआधी काय मोजायचे, हे आपोआप समजते.

हृदयाचे काम कसे चालते?

हृदय साधारण आपल्या मुठीएवढे असते आणि वजनाने सुमारे ३०० ग्रॅम. ते एक नसून शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप आहेत. उजवा पंप शरीरातून आलेले अशुद्ध रक्त फुफ्फुसांकडे पाठवतो. डावा पंप फुफ्फुसांतून आलेले शुद्ध रक्त साऱ्या शरीरात खेळवतो. प्रत्येक पंपाला दोन कप्पे असतात: वर कर्णिका, खाली जवनिका. कप्प्यांच्या दारांना झडपा असतात, त्यामुळे रक्त पुढेच जाते, मागे फिरत नाही. झडपा मिटतानाचा आवाज म्हणजेच स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येणारे ‘लब-डब’.

प्रौढ माणसात विश्रांतीच्या वेळी एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर मिनिटाला ५ लिटर, आणि दिवसाला ७,००० लिटरहून जास्त. आपल्या इमारतीत येणारा दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर हा मूठभर स्नायू दीड दिवसाच्या आत रिकामा करील!

हे काम नीट चालायला पाच गोष्टी लागतात. त्या इमारतीच्या पंपाशी ताडून पाहा.

पहिली, वीज. उजव्या कर्णिकेत एक छोटी गाठ असते, सायनस नोड. ती मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेची ठिणगी पाडते. यावरून हृदयाची गती ठरते. या विजेचा कागदावरचा आलेख म्हणजे ईसीजी. तो व्यवहारात आणणाऱ्या आइंटहोवेन या डच शास्त्रज्ञाला १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी, मोटारीचा जोर, म्हणजे स्नायूच्या आकुंचनाची ताकद.

तिसरी, टाकीतले पाणी. शरीरात पाणी आणि मीठ साठले की पंपावर बोजा पडतो. पायांना सूज येते, आडवे झाले की दम लागतो.

चौथी, नळ. रक्तवाहिन्या आवळल्या की रक्तदाब वाढतो आणि पंपाला जास्त रेटा द्यावा लागतो.

पाचवी, पंपाचा स्वतःचा पुरवठा. हृदयात सतत रक्त भरलेले असले तरी त्याचा स्नायू ते रक्त थेट शोषून घेत नाही. त्यासाठी हृदयाच्या पाठीवरून फिरणाऱ्या वेगळ्या रोहिणी असतात, ज्यांना आपण कोरोनरी म्हणतो. गंमत अशी की डाव्या जवनिकेच्या स्नायूला यातले बहुतेक रक्त मिळते ते हृदय आकुंचन पावताना नव्हे, तर सैल पडताना. मिनिटाला ७२ ठोके असतील तर एका ठोक्याचा अवधी सुमारे ०.८ सेकंद. त्यातले ०.३ सेकंद काम आणि ०.५ सेकंद विसावा. विसाव्यातच हृदय जेवते म्हणा ना! ठोके वाढले की सर्वांत आधी हा विसावा कमी होतो. म्हणूनच जीवदानीच्या पायऱ्या चढताना एखाद्याच्या छातीत दडपते आणि बसल्यावर थांबते. मागणी वाढते, जेवणाची वेळ मात्र कमी होते.

वीज, जोर, पाणी, नळ आणि पुरवठा. हृदयाच्या जवळजवळ सर्व गोळ्या या पाचांपैकी कुठे ना कुठे हात घालतात. आता एकेक घेऊ.

जोर वाढवणारे, गती कमी करणारे: डिजॉक्सिन

इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीवर पुस्तक लिहिले. अंगावर सूज येणाऱ्या रोगावर एक म्हातारी बाई देत असलेल्या गुप्त काढ्यात त्यांना ही वनस्पती सापडली होती. त्याच कुळातले आजचे औषध म्हणजे डिजॉक्सिन. ते हृदयाचे आकुंचन जोरकस करते आणि ठोक्यांची गती उतरवते. हृदय दुबळे झालेल्या आणि ठोके अनियमित पडणाऱ्या काही रुग्णांना ते आजही देतात.

त्याचा धोका समजायला इंग्लंडला जायला नको. आपल्याकडे कुंपणाला लावलेली पिवळी कण्हेर, जिला बिट्टीही म्हणतात, तिच्या बियांत याच जातीचे विष असते. ते पोटात गेले की ओकाऱ्या होतात, नाडी मंद होते, ठोके चुकतात आणि माणूस दगावूही शकतो. डिजॉक्सिनची मात्रा जास्त झाली तर हेच होते. या औषधात गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत फार थोडे अंतर असते. गोळी बहुधा ०.२५ मिलिग्रॅमची असते. वृद्धांना किंवा ज्यांची मूत्रपिंडे मंदावली आहेत त्यांना अर्धीच देतात, किंवा आठवड्यात दोन दिवस खाडा ठेवतात. तो खाडा ‘राहून गेली’ म्हणून भरून काढायचा नसतो.

म्हणून डिजॉक्सिन देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नये. ठोके अनियमित असतील तर तो हिशेब हमखास चुकतो. शिवाय अशा रुग्णात काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे मनगटावरचा आकडा कमी येतो. प्रौढात ठोके ६० च्या खाली असतील तर गोळी थांबवावी आणि डॉक्टरांना कळवावे.

एक उदाहरण सांगतो. आगाशी बाजूच्या एक आजी डिजॉक्सिन आणि लघवी वाढवणारी गोळी, अशा दोन्ही घेत होत्या. दोन-तीन दिवस जुलाब झाले. नंतर अन्नावरची वासना गेली, मळमळू लागले. घरच्यांनी पित्त समजून लिंबू-सोडा दिला. ट्यूबलाइट पिवळी दिसते असे आजी म्हणाल्या, ते मोतीबिंदूच्या खाती जमा झाले. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली नात सुटीत घरी आली होती. तिने सकाळची गोळी हातात घेतली आणि आधी ठोके मोजले. ४४ भरले, तेही मध्येच चुकणारे. तिने गोळी परत पाकिटात ठेवली आणि सगळ्या पाकिटांसह आजींना घेऊन आली. रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा रक्तातले पोटॅशियम उतरलेले होते आणि डिजॉक्सिनची मात्रा चढलेली होती. चार दिवसांत आजी घरी परतल्या. त्या सकाळी गोळी सवयीने दिली गेली असती तर काय झाले असते, ते सांगायला नको. मळमळ, भूक मरणे, पिवळे दिसणे आणि मंद नाडी या चार गोष्टी डिजॉक्सिनच्या नावाशेजारीच वहीत लिहून ठेवा.

गती उतरवणारी औषधे: ‘लॉल’चे घराणे

ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल. नावाचे शेपूट पाहा. ही बीटा ब्लॉकर औषधे. ती हृदयाला ॲड्रेनलिनच्या चाबकापासून वाचवतात. ठोके कमी, विसावा जास्त, म्हणजेच स्नायूला जेवायला जास्त वेळ. या वर्गाचा पाया घालणारे जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

देण्याआधी नाडी आणि रक्तदाब दोन्ही पाहावेत. नाडी ६० च्या खाली किंवा वरचा रक्तदाब १०० च्या खाली असेल तर विचारल्याशिवाय देऊ नये. काही रुग्णांसाठी डॉक्टर याहून वेगळी मर्यादा ठरवतात, ती चार्टवर लिहून घ्यावी. रुग्णाला दमा आहे का, हे विचारावे. मधुमेही रुग्णात साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर या औषधाने झाकली जाते. घाम मात्र येतो. आणि ‘बरे वाटते’ म्हणून रुग्णाने ही गोळी एकदम बंद करू नये. हृदयशूल उसळू शकतो.

पाणी काढणारी औषधे आणि पोटॅशियमचे गणित

फ्रुसेमाइड, म्हणजे सर्वांच्या परिचयाचे लॅसिक्स, मूत्रपिंडावाटे मीठ आणि पाणी बाहेर काढते. तोंडाने घेतल्यावर त्याचा अंमल सुमारे सहा तास टिकतो. म्हणून सकाळी द्यावे. रात्री दिले तर म्हातारा माणूस अंधारात वारंवार मोरीकडे धावतो, आणि तिथेच पडून खुब्याचे हाड मोडते.

इथे मोजायचे ते वजन. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, न्याहारीच्या आधी, त्याच काट्यावर. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नव्हे, ते साठलेले पाणी असते. पायाची सूज बोटाने दाबून पाहावी, खड्डा पडतो का. रक्तदाब आणि लघवीचे प्रमाणही नोंदवावे.

पाण्याबरोबर पोटॅशियमही वाहून जाते. पायात गोळे येतात, अशक्तपणा वाटतो, आणि सोबत डिजॉक्सिन असेल तर आजींच्या बाबतीत झाले तसे होते. पोटॅशियम केळ्यात आणि शहाळ्याच्या पाण्यात भरपूर असते. आपल्या वसईच्या केळ्यांत आणि सुकेळीतही ते आहेच. पण म्हणून सर्वांनाच शहाळे पाजू नये. स्पायरोनोलॅक्टोन किंवा पुढे सांगितलेली ‘प्रिल’, ‘सार्टान’ औषधे चालू असतील आणि मूत्रपिंडे मंद असतील तर पोटॅशियम उलट साठते, आणि जास्त पोटॅशियमनेही हृदय थांबते. बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियमच असते. अशा रुग्णाने ते विचारल्याशिवाय वापरू नये.

विद्यार्थ्यांनी एक नियम अंगावर गोंदल्यासारखा लक्षात ठेवावा: पोटॅशियम क्लोराइडचे अँप्यूल सरळ शिरेत कधीही टोचायचे नाही. ते सलाईनमध्ये मिसळून, नीट हलवून, ठरवलेल्या गतीनेच जाते. सरळ दिले तर हृदय जागीच थांबू शकते. दिसायला ते साध्या पाण्याच्या अँप्यूलसारखेच असते. लेबल तीनदा वाचा: उचलताना, भरताना आणि देण्याआधी.

मिठाबद्दलही थोडे. प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अर्नाळ्याचे सुके बोंबील, सुकट, लोणचे आणि पापड यांत मीठ दडलेले असते. ‘वरून घेत नाही हो’ म्हणणाऱ्या रुग्णाच्या ताटात काय आहे, ते पाहावे.

नळ सैल करणारी औषधे

उच्च रक्तदाबाच्या औषधांच्या इतिहासात मुंबईचे नाव मानाने घेतले जाते. सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर अभ्यासला आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्यामुळे या औषधाकडे जगाचे लक्ष गेले. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे याच मुळीतल्या रेसर्पीन या द्रव्याने काही रुग्णांना उदासीनता येते असे आढळले, आणि कमी त्रासाची औषधे आल्यावर ते मागे पडले. वनस्पतीचे औषध म्हणजे निर्धोक, हा समज यातून दूर व्हावा.

आजची घराणी शेपटावरून ओळखा. एनालाप्रिल, रॅमिप्रिल: ‘प्रिल’. यांतले पहिले औषध, कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाले. यांनी काहींना कोरडा खोकला येतो. रुग्ण खोकल्याची बाटली मागतो, पण त्याचे कारण गोळीत असते. ओठ किंवा जीभ सुजली तर ती तातडीची बाब, पुढची गोळी देऊ नये. लोसार्टान, टेल्मिसार्टान: ‘सार्टान’. यांत खोकला सहसा नसतो. ही दोन्ही घराणी गर्भवतीला देत नाहीत. अॅम्लोडिपिन: ‘डिपिन’. याने घोट्याला सूज येऊ शकते.

या सर्वांत मोजायचा तो रक्तदाब. रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजावा. वृद्धांचा रक्तदाब उभे करूनही पाहावा. उठताना घेरी येत असेल तर तो उभे राहिल्यावर उतरतो आहे.

पुरवठा राखणारी औषधे

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ही नायट्रेट वर्गातली गोळी. याच वर्गातले नायट्रोग्लिसरीन हे डायनामाइटमधले द्रव्य, आणि डायनामाइटचा जनक आल्फ्रेड नोबेल यालाही अखेरीस हृदयविकारासाठी तेच लिहून दिले गेले होते. ही औषधे रक्तवाहिन्या सैल करतात, हृदयाचा बोजा उतरवतात. म्हणून रुग्णाला आधी बसवा, मग गोळी द्या. उभ्याने दिली तर रक्तदाब उतरून तो कोसळेल. वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल तर देऊ नये. डोके दुखले तर ते औषधाचे लक्षण आहे, घाबरू नये. आणि एक प्रश्न संकोच न करता, एकांतात विचारावा: लैंगिक दुर्बलतेची गोळी घेतली आहे का? सिल्डेनाफिल घेऊन २४ तास, टॅडालाफिल घेऊन ४८ तास झालेले नसतील तर नायट्रेटने रक्तदाब जीवघेणा उतरू शकतो.

पाच मिनिटांत छातीतले दुखणे थांबले नाही तर ‘गॅस असेल’ म्हणत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर डॉक्टर बहुधा ३०० मिलिग्रॅमच्या आसपास ॲस्पिरिन चावून खायला सांगतात. गिळण्यापेक्षा चावल्याने ते लवकर लागू पडते. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल गुठळी होऊ देत नाहीत. ॲटोर्व्हास्टॅटिन म्हणजे ‘स्टॅटिन’ कोलेस्टेरॉल उतरवते. ते घेणाऱ्याचे स्नायू विनाकारण दुखत असतील किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर कळवावे.

कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाला वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉम हे रक्त गोठू न देणारे औषध चालू असते. इथे मोजायचा तो आयएनआर, रक्ताची तपासणी करून. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, अंगावर निळे डाग दिसले की लगेच कळवावे. अशा रुग्णाला दंडात किंवा कमरेत इंजेक्शन टोचण्याआधी थांबून विचारावे, आत रक्त साकळते. दुकानातून आणलेली दुखण्यावरची गोळी टाळावी. अळू, पालक खावे, पण रोजचे प्रमाण सारखे ठेवावे. एकदम वाढवले तर औषधाचा जोर कमी होतो.

विचारणे हा उद्धटपणा नव्हे

औषध डॉक्टर लिहितो, औषधविक्रेता देतो, पण ते रुग्णाच्या पोटात किंवा शिरेत जाण्याआधीचा शेवटचा हात परिचारिकेचा असतो. माझ्या अक्षरासकट कोणाही डॉक्टरचे अक्षर लागत नसेल, ०.२५ की २.५ असा संशय असेल, तर अंदाज करू नका, विचारा. रात्री दोन वाजता फोन केला म्हणून एखादे वेळी बोलणी बसतील. ती ऐकून घ्या, पण नाडी ४४ असताना गोळी देऊ नका. रोखलेली गोळी तासाभराने देता येते, दिलेली परत घेता येत नाही. मात्र गोळी थांबवलीत तर वेळ, नाडी आणि कोणाला कळवले, हे तिघे चार्टवर नोंदवा.

थोडक्यात वहीत लिहून घ्या:

१) डिजॉक्सिन: छातीवर पूर्ण मिनिट ठोके.
२) ‘लॉल’: नाडी आणि रक्तदाब, दम्याची चौकशी.
३) लॅसिक्स: रोजचे वजन, लघवी, पोटॅशियम.
४) ‘प्रिल’, ‘सार्टान’, ‘डिपिन’: रक्तदाब, खोकला, सूज.
५) नायट्रेट: आधी बसवा, रक्तदाब पाहा, तो एक प्रश्न विचारा.
६) वॉर्फरिन, ॲसिट्रॉम: आयएनआर आणि रक्तस्राव.

आणि एक सोपा अभ्यास. आज रात्री घरातल्या प्रत्येकाची नाडी मनगटावर तीन बोटे ठेवून, घड्याळाकडे पाहत, पूर्ण एक मिनिट मोजा. लहान भावाची भरभर लागेल, आजोबांची मंद. कोणाची मध्येच चुकते का, पाहा. बोटांना एकदा निरोगी नाडीची ओळख पटली की बिघडलेली नाडी त्यांना आपोआप जाणवते.